बॉक्स ग्रिलमधून घेतलेला फोटो

बॉक्स ग्रिलमध्ये अडकून गेलेला नवी मुंबईतला पहिला फोटोग्राफर, असा माझा फ्लेक्स चौकात लागायचा तो थोडक्यात राहिला. हे मी ज्याला सांगतो तो म्हणतो, तू वाढवून सांगतोस. सांगतोच. जसंच्या तसं सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही. पण त्या रविवारी दुपारी मी जिथं बसलो होतो तिथं कोपर हलवायलाही जागा नव्हती, तेव्हा यातलं निम्मं तरी खरं धरा. कुठलं निम्मं, ते विचारू नका.

बॉक्स ग्रिल म्हणजे काय हे वाशीकरांना सांगायला नको. पण ज्यांची घरं मोठी आहेत अशा सुखी माणसांसाठी सांगतो. घर लहान, सामान वाढतं, मग खिडकीबाहेर हातभर लोखंडी पिंजरा काढायचा आणि खोलीला ढेरी द्यायची. त्या ढेरीत आधी तुळस येते. तुळशीला सोबत म्हणून कोरफड. मग उन्हात ठेवायच्या लोणच्याच्या बरण्या, मग बंद पडलेला मिक्सर, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, सायकलचं एकुलतं एक चाक. आमच्या सोसायटीत एका बॉक्स ग्रिलमध्ये गावाकडचा पाहुणा आठवडाभर झोपला होता असं लोक सांगतात. लोकांना ते मीच सांगितलं होतं, पण आता ते मला सांगतात.

सोसायटीत दोन विंगा. ए आणि बी, समोरासमोर, तळमजला सोडून चार-चार मजल्यांच्या. मध्ये एक रिक्षा शिव्या खात वळेल एवढी गल्ली आणि त्या गल्लीत एक देशी बदाम. आमचं घर बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आणि दोन्ही विंगांत मिळून बॉक्स ग्रिल नसलेली एकच खिडकी होती, ती आमची. साधी, सपाट, भिंतीला चिकटलेली जाळी. कारण आमचे बाबा सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी म्हणजे एखाददुसऱ्या वर्षापुरते नव्हेत. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ते सेक्रेटरी झाले, आणि माझ्या वरातीपुढे नाचणाऱ्यांना 'पार्किंगमध्ये नाचू नये' हे सांगायला आले तेही सेक्रेटरी म्हणूनच. नवरदेवाचे वडील म्हणून ते नंतर आले, कपडे बदलून. बेलापूरच्या सरकारी कचेरीत दिवसभर कागद काळे करून संध्याकाळी घरी आले की हात-पाय धुऊन पुन्हा कागद काळे करायला बसायचे. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की', इथून सुरुवात. आणि दर दोन नोटिसांमागे एक नोटीस बॉक्स ग्रिलची. पिंजऱ्याच्या वजनानं भिंतीला चिरा जातात, चिरांतून पाणी मुरतं, आग लागली तर माणूस आतल्या आत राहतो. लोक उभे राहून नोटीस वाचायचे, मान डोलवायचे आणि वेल्डरला फोन लावायचे. शेवटी बाबांनी माघार घेताना एक अट घातली. प्रत्येक बॉक्स ग्रिलला समोरून झडप हवी, वेळ आली तर बाहेर पडता येईल अशी. सगळ्यांनी झडप करून घेतली आणि चोर येऊ नये म्हणून तिला कुलूप घातलं.

आईला बॉक्स ग्रिल हवं होतं. दर दिवाळीला हवं होतं. मिळत नाही म्हटल्यावर तिनं तुळस जिन्यातल्या वळणावर ठेवली. त्यावर बाबांनी 'जिन्यात कुंड्या ठेवू नयेत' अशी नोटीस काढली, आणि आमच्याच दारासमोर उभं राहून ती आम्हाला वाचून दाखवली. आईनं दुसऱ्या दिवशी तुळशीशेजारी गवती चहा लावला. बाबांच्या नोटिसा संपूर्ण सोसायटी निदान वाचत होती. आईनं कधी तेवढंही केलं नाही.

मग रीडेव्हलपमेंट आलं. मतदान झालं, बाबा एकटे विरोधात पडले, आणि सेक्रेटरीची खुर्ची चौथ्या मजल्यावरच्या एका पोराकडे गेली. पोरगा खाडीकाठच्या गावातला, चांगला, पण नोटीस व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि खाली हात जोडलेला इमोजी लावायचा. बाबांना पराभवापेक्षा तो इमोजी जास्त लागला. सगळ्यांनी भाड्यानं घरं बघितली. कोण पनवेलला, कोण कामोठ्याला. आई-बाबांसाठी मी करंजाड्यात, माझ्या घराच्या मागच्याच इमारतीत जागा बघितली. सोमवारी सकाळी टेम्पो येणार होता. म्हणजे तो रविवार शेवटचा.

आईनं एकच मागितलं. सगळे जायच्या आधी बी विंगचा एक मोठा फोटो काढ. ज्याच्या त्याच्या खिडकीत जो तो उभा. इमारत सरळ यायला हवी, पत्त्यांच्या बंगल्यासारखी मागे कललेली नको. 'आणि आमच्या खिडकीत हे माझ्या शेजारी हवेत.' यातलं शेवटचं वाक्य ती भाजी निवडत, खाली बघून म्हणाली. मला आठवून बघावं लागलं. आई खिडकीत उभी आहे आणि शेजारी बाबा आहेत, असं मी कधी पाहिलंच नव्हतं. ती खिडकीत असायची तेव्हा बाबा खाली पंप बघत असायचे.

बाबा म्हणाले, "इमारत उभी आहे, माणसं आत आहेत, आणि तुम्ही हार घालायचा फोटो काढायला निघालात. मी नाही उभा राहणार." आणि त्यांनी पेपर उघडला. बाबांनी पेपर उघडला म्हणजे सभा तहकूब.

आता माझ्या धंद्याबद्दल. मी करंजाड्यातल्या बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढतो. वन बीएचके अशी दाखवतो की बघणाऱ्याला वाटावं, आत कॉलनीच्या मॅची भरवता येतील. एका फोटोत मी बेडरूम एवढी मोठी दाखवली की बिल्डरनंच मला फोन करून विचारलं, ही कुठल्या प्रोजेक्टची. हे सगळं डिजिटलवर. पण हौस म्हणून माझ्याकडे एक टेक्निकल कॅमेरा आहे, फिल्मचा. बघितलात तर कॅमेरा वाटणार नाही, मोदकपात्राचा सुटा भाग वाटेल. पुढं भिंग, मागं फिल्मची चपटी पेटी, आणि मध्ये एक अशी सोय की कॅमेरा न कलवता नुसतं भिंग वर सरकवता येतं. तेवढ्यानं इमारत ताठ उभी राहते. साधा कॅमेरा मान वर करून बघतो म्हणून इमारती मागे पडतात. हा मान न हलवता वर बघतो. असं बघायला आमचे बाबा शिकले होते आणि हा कॅमेरा.

एकच अडचण. याला डोळा लावायला भोक नाही. मागं दुधी काच लावून, डोक्यावर काळं फडकं घेऊन बघावं लागतं, आणि तेही चित्र उलटं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या मागं माणूसभर जागा पाहिजे. जिथं जागा नाही तिथं मी मोबाईल वापरतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक पकड आहे, तिच्यात फोन बसतो. फोनमधल्या ॲपला भिंग कुठलं, किती वर सरकवलंय, हे सांगितलं की ते पडद्यावर एक पांढरी चौकट आखून देतं. चौकटीत जे दिसतं ते फिल्मवर येणार. हत्तीवर माहूत बसावा तसा हा फोन. बघायचं काम माहुताचं, ओझं हत्तीचं. उजेड मोजायचं ॲपही त्याच फोनमध्ये.

नव्या सेक्रेटरीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, फोनमधूनच बघतोस ना, मग फोननंच मार ना फोटो."

मी म्हटलं, फोननं काढला तर बिल्डिंग मागं पडल्यासारखी दिसेल.

"मग काय झालं? पाडायचीच हाय."

मी जागा शोधायला गेलो. गल्लीतून बघितलं तर बदाम आडवा. गच्चीवरून बघितलं तर बदामाचा शेंडा आडवा. अख्खी बी विंग एका चौकटीत दिसेल अशी जागा एकच निघाली. ए विंगच्या पहिल्या मजल्यावर कडेच्या घरात मसालावाल्या काकू राहतात, त्यांचं बॉक्स ग्रिल. तिथं बदामाच्या खालच्या फांद्या संपतात आणि पसारा अजून सुरू होत नाही.

काकू साताऱ्याकडच्या. काका मार्केटमध्ये मसाल्याच्या गाळ्यावर होते, ते गेले, पण त्यांच्या दारातून अजून धने-मिऱ्याचा वास येतो. काकूंचं जगात कुणाशी वैर नाही, कबुतरं सोडून. आता वाशीतली कबुतरं ही साधी कबुतरं नव्हेत. खिडकी बोटभर उघडी दिसली की आत येऊन सोफ्यावर बसतात आणि चॅनल बदला म्हणतात. काकूंनी त्यांच्यासाठी जाळ्या लावल्या, जुन्या सीड्या टांगल्या, प्लास्टिकचं घुबड आणलं. त्या घुबडाच्या डोक्यावर कबुतरानं अंडं घातलं. तेव्हापासून काकूंचा हात खिडकी दिसली की आपोआप कडीकडे जातो. बोलत असतील, रडत असतील, हात आपलं काम करतो.

तर दुपारी मी काकूंच्या खिडकीतून बॉक्स ग्रिलमध्ये उतरलो. उतरलो म्हणजे मला भरण्यात आलं. काकूंनी वरून दाबलं, मी खालून श्वास सोडला. गुडघे हनुवटीला, डावं कोपर कोरफडीत, पाठीला थंडगार बरणी. काकूंनी झडपेचं कुलूप काढून दिलं आणि मी कॅमेरा झडपेतून बाहेर काढून गजांना आवळून बसवला. बाटलीला बूच बसावं तसा तो झडपेत बसला. मागच्या बाजूनं मला फिल्मपर्यंत आणि फोनपर्यंत हात पोचत होता, बोटं ताणली तर भिंगापर्यंत, बाकी कुठंच नाही. फोनच्या पडद्यावर पांढरी चौकट उमटली आणि चौकटीत बी विंग. काय उभी होती. ताठ. मी भिंग आणखी थोडं वर सरकवलं, पाण्याची टाकीसुद्धा आत आली. एवढ्यात माझ्या पाठीमागे खर्र असा आवाज झाला, मग खट्, मग लांबून काकूंचा आवाज, "कबुतरं येत्यात बाई," आणि मग दार लागल्याचा.

त्याकडे माझं लक्ष नव्हतं. समोर ऊन पडलं होतं. आमच्या गल्लीत बी विंगला समोरून ऊन मिळतं ते दुपार कलल्यावर थोडा वेळ. मग ए विंगची सावली पायापासून वर चढायला लागते. खिडक्या भरत होत्या. तळमजल्यावर वॉचमन सलाम ठोकून उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर सेक्रेटरी गॉगल लावून. मसालावाल्या काकू गल्ली ओलांडून, दुसऱ्या मजल्यावर चढून, आमच्या खिडकीत आईशेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाबांची जागा रिकामी होतीच. मी फिल्मवरचं झाकण सरकवून काढलं, खटका चढवला, शटर दाबायची तार हातात घेतली आणि आमच्या खिडकीकडे बघत होतो, तर चौकट गेली, बिल्डिंग गेली आणि पडद्यावर नव्या सेक्रेटरीचा लग्नातला फेट्यातला फोटो आला. फोन वाजत होता. मी एवढा दचकलो की अंगठा तारेवर पडला. एक पान वाया.

फोन उचलला नाही. समोरून तो हातवारे करून विचारत होता, रेडी का म्हणून.

एका पेटीत फिल्मची दोनच पानं असतात, पुढं एक, मागं एक. बाकीच्या पेट्या बॅगेत, बॅग काकूंच्या सोफ्यावर. घ्यायला म्हणून मी हात मागं नेला, आणि हाताला काच लागली.

मान वळवायला जागा नव्हती. बोटांनी चाचपत गेलो. काच. काचेची चौकट. काचेला आतून लागलेली कडी, जी बाहेरून कधीच उघडत नाही, कारण ती चोरांसाठी केलेली असते. पुढं कॅमेऱ्याचं बूच, मागं काच, चारी बाजूंनी गज, आणि माझ्या पोटावर मिक्सर. मी घाबरलो असं म्हणणार नाही. मी फक्त एवढं लक्षात घेतलं, की कोरफड कापली तर पाणी मिळतं.

फोन पकडीतून काढायची सोय नव्हती. पुन्हा जुळवायला दुसरा हात पाहिजे होता आणि दुसरा हात कोरफडीचा झाला होता. म्हणून तिथल्या तिथं स्पीकरवर आईला फोन लावला. पुढचं संभाषण अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"आई, काकूंनी खिडकी लावली."

"बरं केलं. कबुतरं येतात."

"मी आत आहे."

"आत म्हणजे?"

"पिंजऱ्यात."

समोर खिडकीत तिनं काकूंकडे बघितलं. मग चारी मजले हसले. हसणं गल्लीत घुमलं, बदामावरची कबुतरं उडाली, आणि मला वाटतं त्यांपैकी एकदोन हसतसुद्धा होती. आई म्हणाली, काकूंकडे किल्ली आहे, पण त्या आत्ता उतरल्या तर त्यांच्या गुडघ्यांना परत चढायला दिवाळी उजाडेल. आधी फोटो काढ, मग सगळे येतो तुला सोडवायला.

म्हणजे माझ्या जन्मदात्रीनं मला ओलीस ठेवलं. मी म्हटलं ठीक आहे, ओलीस तर ओलीस. मीही सेक्रेटरीचा मुलगा.

"बाबा कुठायत?"

"फिरायला गेलेत."

"आले की काढू."

मग हळूच म्हणाली, "नाही यायचे ते. तू काढ."

"ते तुझ्या शेजारी उभे राहिल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. माझ्याकडे एकच पान उरलंय."

असं म्हणून मी फोन कट केला आणि पेटी उलटी फिरवून ते पान पुढं आणलं. चौकट परत आली, आणि त्या चौकटीत एक अख्खी इमारत अडकून पडली. खिडकी सोडावी तर तेवढ्यात मी फोटो काढायचो, या भीतीनं कुणी हलेना. सगळे आपापल्या पिंजऱ्यात, बरण्यांच्या मागं, सायकलच्या चाकांमधून, दात काढून उभे. आणि इकडे मी. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गज, आणि मध्ये वॉचमन एकटा मोकळा, पण त्याचा हात सलामात अडकलेला. कुणाकडे तरी दूध उतू गेलं, त्याचा वास गल्लीत उतरला, पण त्या घरातली एक खिडकी हलली नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीवर बसवून खिडकीशी आणलं होतं, ते तसेच झोपले. सेक्रेटरीनं चौथ्या मजल्यावरून ओरडून सांगितलं, दादा, कंबर गेली. मी सांगितलं, धर.

आणि सावली चढायला लागली होती. आधी वॉचमनचे बूट गेले, मग वॉचमन गेला, मग लेटरबॉक्स. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग तो पाय माझा राहिलाच नाही. घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. मी पडद्यावर दोन बोटांनी आमची खिडकी मोठी केली. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. तिच्या एका बाजूला काकू होत्या, तोंडात पदर धरून. मला वाटलं मला हसतायत. दुसऱ्या बाजूला आईनं हातभर जागा सोडली होती. काकू जाड आहेत, खिडकी लहान आहे, तरी ती जागा तशीच. आणि आई माझ्याकडे बघत नव्हती. गल्लीच्या तोंडाकडे, गेटकडे बघत होती. मग माझ्याकडे. मग परत गेटकडे.

चूक होती माझी अट. हे मला तेव्हाच कळायला लागलं होतं. बाबा येणार नाहीत, ऊन जाणार, आणि आईच्या हातात उद्या काहीच राहणार नाही, ना बाबा, ना बिल्डिंग. पण बटण दाबायचं म्हटलं की पडद्यावर ती हातभर जागा दिसायची. सुटता येईना आणि सोडवेना. समोरच्या उन्हापुढं पडदा दिसावा म्हणून मी फोनचा उजेड शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता, आणि त्यानं बॅटरी पिऊन टाकली होती. कोपऱ्यात तांबडी खूण लुकलुकत होती. पहिला मजला सावलीत गेला. झोपलेले आजोबा गेले. सावलीची कड आमच्या खिडकीच्या खाली आली. मग तीही आमच्या खिडकीवरून वर गेली. मी पाहत होतो, आणि पाहता पाहता फोन मेला.

पडदा काळा झाला. काळी काच. त्या काचेत आता बी विंग नव्हती. त्यात मी होतो, घामेजलेला, कोरफडीचं पान कानाशी. माझ्या खांद्यामागं काकूंची खिडकी. खिडकीच्या आतला पडदा बाजूला सारलेला. आणि तिथं चौकड्यांचा शर्ट, चष्मा, हातात चहाचा कप.

बाबा.

झालं होतं ते असं. मी कोरफडीशी झुंजत होतो तेव्हा ते जिन्यानं वर आले होते आणि काकूंना म्हणाले होते, हे सगळं आटपेपर्यंत मी तुमच्याकडे बसतो, घरी सांगू नका. काकूंनी चहा टाकला, शब्द दिला, सवयीनं खिडकी लावली आणि समोर जाऊन पदर तोंडात धरला. बाबांनी मला बंद होताना बघितलं. पण कडी काढावी तर पकडले जाणार. न काढावी तर मुलगा आत. म्हणून ते खुर्चीत बसून राहिले, पडद्यामागं, आणि गल्लीनं जे ऐकलं ते सगळं त्यांनी हातभर अंतरावरून ऐकलं. आमच्या मध्ये एक काच होती. तिच्या एका बाजूला मी अडकलो होतो, दुसऱ्या बाजूला ते.

कडी खट् वाजली. खिडकी सरकली. धन्या-मिऱ्याचा वास बाहेर आला.

बाबा पहिलं वाक्य काय बोलले, ते मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे.

"तरी मी सांगत होतो, बॉक्स ग्रिल नको."

मी म्हटलं, बाबा, जा. पळत गेलात तर पोचाल अजून. ती वाट बघतेय.

ते गेले नाहीत. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्या डोक्यावरून समोर बघत उभे राहिले. त्यांनी ती इमारत आतून बघितली होती, खालून बघितली होती, गळतीच्या बाजूनं, पंपाच्या बाजूनं. अशी समोरून, माणसांसकट, बघितली नसावी. बाबा ए विंगच्या खिडकीत उभे आहेत हे चारी मजल्यांनी पाहिलं होतं. सेक्रेटरीनं गॉगल काढला. पोराला कळत होतं.

"फोन गेलाय," मी म्हटलं. "मला काही दिसत नाही. सगळे आहेत का बघा."

मग बाबांनी हजेरी घेतली. वार्षिक सभेत घ्यायचे तशी, तळापासून, घर नंबर घेऊन, मोठ्यानं. ज्याचा नंबर येईल त्यानं हात वर करायचा. आजोबांना सुनेनं हलवून उठवलं, त्यांनी दोन्ही हात वर केले. वॉचमनला नंबर नव्हता, त्यानं तरी केला. आमच्या घराचा नंबर बाबांनी घेतला तेव्हा आवाज तोच होता, थांबले मात्र थोडे. आईनं हात वर केला नाही. ती बघत होती.

"कोरम पूर्ण आहे," बाबा म्हणाले. "घे."

"तुम्ही नाही आहात."

"मी इथं आहे ना. घे. सावली टाकीला लागली की काही उरणार नाही." आणि मग समोर बघून, नोटीस वाचायच्या आवाजात, "सर्व सभासदांनी कॅमेऱ्याकडे बघावं. हलू नये."

उजेड मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. ऊन फक्त चौथ्या मजल्यावर उरलं होतं, खाली सगळी सावली. अंदाजानं शटर सावकाश लावलं, एका दमाचं. बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला. मी हलू नये म्हणून असेल. तार दाबली.

मला बाहेर काढायला पुढं तीन माणसं, एक खोबरेल तेलाची बाटली आणि काकूंच्या माहेरच्या सगळ्या देवांची नावं लागली. मिक्सर आधी निघाला. मी निघालो तेव्हा सोबत कोरफडीची कुंडी आली, ती अजून करंजाड्याच्या घरी आहे. सोमवारी टेम्पो वेळेवर आला. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले आणि आईची तुळस त्यांनी मांडीवर घेतली. ती मागं ठेवली असती तरी चाललं असतं, मागं जागा होती.

फिल्म धुऊन आली. मी वाढवून सांगतो हे कबूल, पण हे वाढवून नाही: तो फोटो सरळ आला. चौकटीच्या कडेला घासून, टाकीसकट, काटकोनात. मी तो भिंतीएवढा छापून आणला. करंजाड्याच्या भाड्याच्या घरात हॉलच्या भिंतीवर लावला. त्या घराला बॉक्स ग्रिल आहे, आधीच्या भाडेकरूनं केलेलं. त्यात तुळस आहे आणि त्याबद्दल बाबांनी अजून तरी काही लिहिलेलं नाही.

आईनं फोटो बघितला, आणि तिचं तोंड उतरलं. हे नाहीत यात, म्हणाली. एका बाजूला काकू, मध्ये मी, दुसऱ्या बाजूला भोक.

मी तिला जवळ नेलं. एवढ्या मोठ्या फिल्मवर डोळेसुद्धा दिसतात. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची नजर बरोबर भिंगात आहे, बाबांनी सांगितलं होतं तशी. एकीची सोडून. तिची नजर भिंगाच्या थोडी वर आहे. जिथं कुणीतरी कॅमेऱ्याच्या मागं, खिडकीत, उभा असेल तिथं. आणि ती हसतेय, जशी ती पेपरच्या आड लपलेल्या माणसाकडे बघून हसते.

"तुला भिंगात बघायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, परत बघितलं. आत बाबांनी पेपरचं पान उलटलं.

"ऊन होतं डोळ्यांवर," ती म्हणाली.

आमच्या मजल्यावरून ऊन केव्हाच वर गेलं होतं.